पुण्याहून पुरंदरला : उंच निवडुंगांच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

मावशीचा सहकारनगरातला बंगला पुनर्विकासाला गेलाय. एप्रिलअखेर जागा रिकामी करून द्यायची आहे. कुंपणाच्या कोपऱ्यात उभा असलेला सेरेअस, म्हणजे खांबासारखा उंच वाढणारा निवडुंग, पाडकामाच्या आधी काढून पुरंदरातल्या आमच्या रानात न्यायचा, हे काम अंगावर घेतलंय. नर्सरीवाले ज्याला ‘पेरुव्हियानस’ म्हणून विकतात तोच हा, मूळचा दक्षिण ब्राझील-उरुग्वेकडचा. काकांनी हातभर तुकडा आणून रोवला होता, त्याचे आता नऊ खांब झालेत आणि सगळ्यात उंच खांब पहिल्या मजल्याच्या गॅलरीवर डोकावतो.

रान जेजुरीच्या अलीकडे, माळाला लागून. खालच्या अंगाला सीताफळं, वरच्या अंगाला वीतभर मातीखाली नुसता मुरूम. तो तुकडा आजवर ‘तिथं काय येतंय’ म्हणून पडून होता. निवडुंगाला नेमकी तीच जागा हवी.

१९ जानेवारी

मापं घेतली. उंच खांब ४.८ मीटर. जाडी कंगोऱ्यांच्या टोकांपासून मोजली तर साधारण १६ सेंटीमीटर, पण कंगोऱ्यांमधल्या खाचा वजा केल्या तर भरीव भाग पूर्ण वर्तुळाच्या साठ टक्क्यांच्या आसपास राहतो. गर जवळजवळ पाण्याइतकाच जड असतो. म्हणजे मीटरला १२ किलो धरायला हरकत नाही, आणि उंच खांब एकटाच साठ किलोच्या घरात जातो. नऊ खांब एकत्र उचलायचे तर क्रेन लागेल, आणि त्या बोळात क्रेन वळत नाही.

म्हणून ठरलं असं: मधलं मुख्य खोड त्याच्या दोन फांद्यांसकट मुळांवर काढायचं. बाकीचे खांब कापून, वाळवून, नवीन मुळं फुटायला लावायचे.

दक्षिण बाजूला प्रत्येक खांबावर पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका दिला. नव्या जागी ठिपका पुन्हा दक्षिणेलाच आला पाहिजे. उन्हात निबर झालेली बाजू आणि सावलीतली कोवळी बाजू यांची साल वेगळी असते. कोवळी बाजू अचानक उन्हाला आली की पिवळा-पांढरा चट्टा पडतो आणि तो कधीच भरून येत नाही. ॲरिझोनातले लोक सग्वारो, म्हणजे तिथला मोठा खांबी निवडुंग, हलवताना हेच करतात. फरक एवढाच की ते ३२-३३ अक्षांशावर आहेत, तिथे सूर्य कायम दक्षिणेला. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. या झाडाच्या बाबतीत उत्तरेला बंगल्याची भिंत होती, त्यामुळे ती बाजू कोवळी ती कोवळीच.

आजपासून त्याला पाणी बंद. मावशी म्हणाली, “त्याला मी पाणी घालते कधी? गाडी धुतलेलं जातं तेवढंच.” तर गाडी धुणंही बंद.

२६ जानेवारी

सेरेअसच्या शेजारी आणखी काय लावायचं त्यावर आजचा दिवस गेला. उंच वाढणारे निवडुंग एका जातीचे नाहीत, एका हवेचेही नाहीत. माझा हिशोब रात्रीच्या तापमानावरून सुरू होतो. ही झाडं दिवसा पर्णरंध्रं मिटून घेतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, म्हणजे त्यांची खरी कमाई रात्री होते. अँडीजच्या उंच भागातला, पांढऱ्या लोकरीचा ओरिओसेरेअस थंड रात्रींचा सवयीचा. आपल्याकडच्या दमट पावसाळी रात्रींत तो रुसून बसतो. मेक्सिकोच्या हिडाल्गोमधला सेफॅलोसेरेअस सेनिलिस, लांब पांढऱ्या केसांचा ‘म्हातारा’, दिसायला राजा आहे, पण चुनखडीच्या कोरड्या कड्यांवरचा. पावसाळाभर डोक्यावर छप्पर दिलं तरच त्याचं नाव काढावं. उघड्या रानात नको.

ब्राझीलच्या कातिंगा प्रदेशातली मंडळी मात्र आपल्याला जवळची. तिथेही पाऊस ठरावीक महिन्यांतच येतो आणि रात्री उबदार असतात. निळसर पायलोसोसेरेअस आणि तिथला मांदाकारू, म्हणजे सेरेअस जामाकारू, दोन्ही घेणार. मेक्सिकोचा मिर्टिलोकॅक्टस घेणार. तो सोशिक आहे, बोरासारखी छोटी जांभळी फळंही देतो. अर्जेंटिनाकडचा स्टेट्सोनिया काट्यांसाठी, हौस म्हणून.

सग्वारोची रोपं माझ्याकडे बियांपासून केलेली आहेत, त्यांचं नंतर.

९ फेब्रुवारी

उंचवटे तयार केले. खड्डे नाही काढले, मुद्दाम. या झाडांची मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात. सग्वारोची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या वीतभर थरात असतात आणि झाडाच्या उंचीइतकी लांब पसरतात. मुरमात खड्डा खणून त्यात मऊ माती भरली तर पावसाळ्यात त्याचं डबकं होतं, पाणी कडेनं बाहेर पडत नाही. म्हणून जमीन फक्त टिकावानं उकरून मोकळी केली, खाली डबराचा थर आणि वर गुडघाभर उंच मुरूम-कच-खडी. पाच घमेल्यांत एक घमेलं माती, तीही चाळून. शेणखत अगदी जुनं, मूठभर.

शेजारच्या तात्यांनी बांधावरून विचारलं, “आन ही काळी माती का नाही घालत? आमच्याकडं ट्रॉली पडलीया.” काळ्या मातीला एकदा पाणी लागलं की ती आठवडाभर सोडत नाही, हे त्यांना मी काय सांगणार; तेच म्हणाले, “बरोबर हाय, ऊस थोडाच लावताय.”

विजेच्या तारेपासून दहा मीटर सोडले. जास्त वाटेल, पण सेरेअस मनावर घेतो तेव्हा थांबत नाही. धारवाडला एका दंत महाविद्यालयाच्या आवारातल्या सेरेअसची २१ मीटरच्या वर उंची गेल्याची गिनेस नोंद आहे, आणि धारवाडची हवा काही आपल्याला परकी नाही.

२३ फेब्रुवारी

कापणी. सकाळी आठला सुरुवात, दुपारी दोनला संपलं.

हत्यार म्हणजे लांब दातांची छाटणी करवत आणि एक बेकरीतली ब्रेडची सुरी. प्रत्येक कापानंतर पातं स्पिरिटनं पुसायचं. खांबाला आधी जुन्या गालिच्याचा पट्टा गुंडाळायचा, दोघांनी तो धरायचा, तिसऱ्यानं कापायचं. पातं पहिल्या दोन इंचांत लोण्यातून जावं तसं जातं, मग मध्ये कर्रकर्र आवाज येतो. ते आतलं लाकडी कडं. बाहेरून हिरवा कंगोरा, मग पांढरट गर, मग नाण्याएवढ्या अंतरावर रोवलेल्या काड्यांचं वर्तुळ आणि त्याच्या आत परत मऊ गर. कापाला लगेच चिकट पाणी सुटतं, हाताला बुळबुळीत लागतं.

हे कडं नीट पाहायचं. पांढरं किंवा फिकट हिरवं असेल तर खांब निरोगी. एकाही काडीच्या टोकावर तांबूस ठिपका दिसला तर कुज वर चढलेली आहे आणि आणखी कापावं लागतं. आज सगळे काप स्वच्छ निघाले.

प्रत्येक तुकडा सव्वा मीटरच्या आसपास. खालच्या कापाच्या कडा पेन्सिलला टोक करतात तशा तिरक्या तासल्या. कारण असं की वाळताना मधला गर आक्रसून आत जातो आणि साल तिथेच राहते. कडा तासली नाही तर वाटी तयार होते, पाणी साचतं आणि मुळं जी लाकडी कड्यातून फुटायची ती हवेत लोंबकळतात. वरून गंधकाची भुकटी. जी बुंधं जागेवर उरली त्यांचे माथे उतरते कापले.

काट्यांचं एक सांगतो: चामडी हातमोजे सेरेअसपुढे टिकत नाहीत. गाडीच्या टायरची जुनी ट्यूब उभी चिरून तिचे पट्टे केले, त्याच्या झोळीत खांब उचलला. हा सगळ्यात उपयोगी पडलेला जुगाड.

२ मार्च

मुख्य खोड काढलं. दोन फुटांवर गोल चर मारला, पहारीनं मुळं मोकळी केली. मनगटाएवढी दोन मुळं कुंपणाच्या पायाखाली गेलेली, ती तोडावीच लागली. शिडी उभी करून खोड तिला गोधड्यांसकट बांधलं आणि मग शिडीच आडवी केली. खोड वाकता कामा नये. हा निवडुंग बाहेरून कितीही दणकट दिसला तरी आडवा होताना स्वतःच्या वजनानं मध्ये तडकतो. दोन फांद्यांच्या काखेत उशा कोंबल्या. सहा जण लागले. शिडीचं मागचं टोक छोट्या हत्तीच्या बाहेर आलं होतं, त्याला लाल फडकं. दिवे घाटात सगळे वळून बघत होते.

मुळांची माती पूर्ण झाडून टाकली, तुटलेली मुळं परत धारेनं नीट कापली. आता दोन आठवडे शेडमध्ये, मुळं उघडी.

तात्यांना हे पटलेलं नाही. “झाड उपटून दोन हप्तं वाळवायचं? आंबा आसता तर मेला आसता.” आंबा मेलाच असता. इथे उलटं आहे. ओली जखम मातीत घातली की बुरशीला आमंत्रण.

१६ मार्च

खोड लावलं. जुन्या जागी माती जिथपर्यंत होती, बरोबर तिथपर्यंतच गाडलं, बोटभरही जास्त नाही. ठिपका दक्षिणेला. खोल गाडलं की झाड पक्कं उभं राहील असं वाटतं, पण मातीत गेलेली हिरवी साल पहिल्या पावसात सडते. उभं राहण्याचं काम ताणांवर सोपवायचं: तीन दिशांना तीन लोखंडी खुंट, नायलॉनचा दोर, आणि झाडाला लागतो तिथे ट्यूबचा पट्टा. दोर झाडाच्या दोन तृतीयांश उंचीवर. बुंध्याभोवती मोठे दगड रचले.

पाणी नाही. तीन आठवड्यांनी पहिलं.

६ एप्रिल

तुकडे लावले. सहा आठवड्यांत खपली टणक झाली आहे, नखानं वाजवली तर टकटक आवाज. दोन तुकड्यांच्या कड्यातून गुलाबी टोकं दिसत होती, म्हणजे मुळं सुटायला लागलीत. वाळवताना सगळे उभे टेकवून ठेवले होते. आडवे पडलेले खांब टोकाला वर वळतात आणि अंगातून मुळं सोडतात, मग आयुष्यभर वाकडे.

चार इंचांपेक्षा जास्त पुरले नाहीत. प्रत्येकाला तीन बांबूंची तिकटी.

२० एप्रिल

ऊन चाळिशीत. पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी पश्चिमेच्या बाजूनं उभी बांधली, डोक्यावर नाही. दुपारी तीननंतरचं ऊन साल भाजतं.

ॲरिझोनात फिनिक्सला असलेल्या मामेभावाशी बोलणं झालं. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांवर होता, त्या वेळी शहरातल्या सग्वारोंच्या फांद्या गळून पडल्या, काही झाडं मुळापासून कोसळली. तिथली माणसं दिवसाच्या उन्हाला दोष देत नाहीत, रात्रींना देतात. रात्रीही तापमान तिशीखाली आलं नाही तर रंध्रं उघडायची सोय राहत नाही. झाड कोंडलं जातं, त्यात सिमेंट-डांबराची धग. पुरंदरात एप्रिलमध्येही पहाटे गारवा असतो. पठारावर असण्याचा हा मोठा फायदा, कोकणातल्या मित्रांनी माफ करावं.

त्याच्याकडून आणखी एक कामाची गोष्ट: हलवलेला मोठा निवडुंग मेलाय हे कळायला वर्षं लागतात. अंगातल्या पाण्यावर तो नुसता हिरवा उभा राहतो. तेव्हा ‘हिरवा आहे’ ही नोंद या वहीत यश म्हणून लिहायची नाही. नवी वाढ दिसली तरच लिहायची.

२२ मे

वळीव म्हणावा तर थांबत नाही. माझं सगळं वेळापत्रक जूनच्या दुसऱ्या आठवड्यावर आखलेलं होतं. तुकड्यांना लावून जेमतेम दीड महिना झालाय.

२६ मे

मान्सून २४ तारखेला केरळात आणि आज मुंबईत. मुंबईत इतक्या लवकर आल्याची नोंद नाही. काल बारामती, इंदापूर, दौंडकडे पाण्यानं हाहाकार केला, नीरेचा कालवा फुटला. आमच्याकडे त्या मानानं कमी, तरी माळावरून लोंढा उतरलाच.

दिवसभर फावडं. उंचवट्यांच्या वरच्या अंगाला आडवा चर काढून पाणी ओढ्याकडे वळवलं. चार उंचवट्यांच्या पायथ्याचा कच वाहून गेला होता, तिथे डबर लावला. तुकड्यांवर बांबूच्या तिकटीला ताडपत्री बांधली, बाजू मोकळ्या. मोठ्या खोडाचे ताण सैल पडले होते. भिजल्यावर नायलॉन सैलावतो आणि खुंटही मऊ जमिनीत हलतात. परत ताणले.

१ जून

संध्याकाळी बांधावरच्या कडुनिंबावर हुमणीचे भुंगेरे, फांदी हलवली की पावसासारखे पडत होते. तात्या आणि मी बादलीत रॉकेलच्या पाण्यात गोळा केले. बाभळीवरही होते. यांच्या अळ्या जुलै-ऑगस्टमध्ये मुळं खातात, ऊस-भुईमुगाची तशीच निवडुंगाची. नुकती फुटलेली मुळं म्हणजे तर मेजवानी. उंचवट्यांत मेटारायझियम, म्हणजे हुमणीला मारणारी बुरशी, मिसळून दिलं.

८ जून

चौथा तुकडा गेला. वरून हिरवागार होता. बुंध्याशी अंगठा दाबला तर साल आत गेली आणि बाजूनं तपकिरी पाणी आलं, आंबूस वासाचं. उपटावा लागलाच नाही, हातात आला. खालचा वीतभर भाग नुसता लगदा.

तिथेच कापायला बसलो. पहिला काप, कडं पूर्ण तांबडं. वर दहा सेंटीमीटर, गर पांढरा पण काड्यांच्या टोकांना नारिंगी ठिपके. गर कितीही शुभ्र असला तरी या ठिपक्यांवर विश्वास ठेवायचा. कुज नळ्यांमधून पुढे पळते, गर मागाहून सडतो. आणखी दहा, दोनच ठिपके. आणखी एक काप, स्वच्छ. सव्वा मीटरमधला अर्धा मीटर वाचला. या हवेत तो उघड्यावर वाळणार नाही, म्हणून पुण्याच्या घरी पंख्याखाली. आता दिवाळीच्या आसपासच मातीत जाईल.

बाकीच्यांचे बुंधे एकेक करून दाबून पाहिले. टणक आहेत. कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाचं पाणी बुंध्यांवर ओतलं. सडलेला भाग रानात टाकला नाही, लांब नेऊन जाळला.

२२ जून

माऊलींची पालखी सासवड मुक्कामी. घाट बंद, रानात जाणं नाही.

२० जुलै

खोडाच्या एका फांदीचं टोक उजळ हिरवं, नवे काटे तपकिरी-मऊ. ही वाढ. मापाला तीन बोटं. पायलोसोसेरेअसनं त्याहून जास्त घेतलीय, नवा भाग इतका निळा की रंगवल्यासारखा.

१७ ऑगस्ट

सग्वारोची रोपं बाहेर काढली. बी पेरलेलं २०२१ चं, आज मोठ्यात मोठं रोप लिंबाएवढं. जंगलात तर आठ-दहा वर्षांत इंच-दीड इंच. पहिलं फूल साधारण पस्तीस वर्षांनी, फांदी फुटायला पन्नास ते पंचाहत्तर. हा हिशोब ऐकून बायकोनं विचारलं, “आणि हे बघायला कोण येणार?” पुतण्या येईल.

जागा वेड्या बाभळीखाली. ही निवड उगाच नाही. सोनोरन वाळवंटात सग्वारोचं रोप पालो वर्दे, मेस्कीट किंवा आयर्नवुडच्या विरळ सावलीतच तगतं. ऊन, थंडी आणि कुरतडणारे प्राणी या तिन्हींपासून ते झाड त्याला राखतं. आणि आपली वेडी बाभूळ मेस्कीटचीच सख्खी बहीण. फोफावते म्हणून तिला सगळे शिव्या देतात, मीही देतो, पण ही एक ठेवली. रोपांभोवती उंदरांसाठी बारीक जाळीचं कडं, वर पावसासाठी पत्र्याचा तुकडा तिरका.

दोन उंचवटे उकरून पाहिले, हुमणीच्या तीन अळ्या मिळाल्या. मुळांवर पांढरा कापूस दिसला एका ठिकाणी: पिठ्या ढेकूण. तिथला निवडुंग उपटून मुळं धुतली, वाळवून परत लावणार.

५ ऑक्टोबर

पाऊस ओसरला. प्रत्येक तुकडा हलक्या हातानं ओढून पाहिला. चार घट्ट, मातीसकट हलतात, म्हणजे मुळांनी धरलंय. एक डुगडुगतो. त्याला उकरायचा मोह आवरला. बांबू आवळले आणि सोडून दिला.

मुख्य खोडाचा उत्तरेकडचा भाग अजून बिनडागाचा आहे. ढगाळ दिवसांनी त्याला सवय व्हायला वेळ दिला. मेमध्ये मी ज्या पावसाच्या नावानं बोटं मोडली त्याचाच हा उपकार, पण चौथ्या तुकड्याला ते सांगून उपयोग नाही.

कंगोऱ्यांवर खवले कीड, पांढरे गोल ठिपके, फक्त कुंपणाच्या बाजूला. जुन्या दातघासणीनं साबणाच्या पाण्यात घासली.

२ नोव्हेंबर

अर्ध्या मीटरचा वाचलेला तुकडा लावला. खपली चांगली आहे.

मोठ्या खोडाला महिन्यातून एकदा पाणी, तेही डिसेंबरपासून बंद. ताण अजून एक पावसाळा काढायचे नाहीत; नायलॉन बदलून तारेचा दोर घ्यायचा आहे, मध्ये टर्नबकल (तार आवळायचा स्क्रू), म्हणजे भिजल्यावर परत ताणायला पळावं लागणार नाही. वरच्या अंगाचा चर दगडानं पक्का करून घ्यायचा, तात्यांच्या ओळखीचा गवंडी पुढच्या आठवड्यात येतो म्हणालाय. मावशीला फूल कधी येणार हे हवंय. फूल जुन्या, मुरलेल्या फांदीवर येतं, तेव्हा खोडावरच्या दोन फांद्यांवर पुढच्या उन्हाळ्यात आशा आहे, तुकड्यांवर नाही. फळ मात्र धरणार नाही; सगळे एकाच झाडाचे तुकडे, आणि सेरेअसला परागकण दुसऱ्या झाडाचे लागतात. इस्रायलमध्ये याच सेरेअसची फळासाठी लागवड करतात, ती वेगवेगळी रोपं मिसळूनच. त्यासाठी वेगळ्या झाडाचा एक तुकडा कुणाकडून तरी मिळवायचा आहे. जेजुरीच्या वाटेवर एका ढाब्यामागे एक उंच सेरेअस दिसतो. रविवारी जाऊन विचारतो.